कुठवर आला?

जोडून झालेला कॉम्प्युटर पहिल्याच बटणाला सुरू झाला की माणूस खूश होतो, झाकण लावतो आणि कामाला लागतो. आत काय काय घडलं हे जाणून घ्यायची त्याला गरज पडत नाही. ती पडते कॉम्प्युटर सुरू झाला नाही तेव्हा. सगळे भाग नवे कोरे, पावत्या हातात, खोकी खोलीभर पसरलेली आणि पडदा काळा. असल्या काळ्या पडद्यांसमोर माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. त्यांच्यावर माझं घर चाललं आणि विचार कसा करायचा हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मी नसरापूरचा. पुण्यामुंबईच्या लोकांना आमचं गाव ठाऊक असतं ते बनेश्वरामुळे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं ते देऊळ आणि त्याच्या मागचा पावसाळ्यातला धबधबा. आम्हाला आमचं गाव बाजारासाठी आणि वेल्ह्याकडे फुटणाऱ्या रस्त्यासाठी ठाऊक. डिप्लोमा संपवून मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत कामाला लागलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. त्या गल्लीत वायरी, दिवे, स्विच, रेडिओचे सुटे भाग असं सगळं मिळायचं, आणि तिथेच एका माडीवर कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम चालायचं. कंपनीचा तयार कॉम्प्युटर बँकांना आणि मोठ्या कचेऱ्यांना परवडे. छापखानेवाले, टायपिंगच्या क्लासवाले, हिशेब लिहिणारे हे सगळे ‘असेंबल’ घ्यायचे.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते काका मूळचे रेडिओ दुरुस्तीतले. “काका, हा चालू होत नाही,” असं मी म्हणालो की ते मान वर न करता विचारायचे, “कुठवर आला?”

आमच्या चेलाडी फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न लगेच समजेल. गाडी आली नाही एवढ्यावर त्याचं भागत नाही. स्वारगेटहून सुटली का, कात्रजचा घाट उतरली का, शिवापूर मागं पडलं का, हे तो विचारतो. कारण गाडी नेमकी कुठं अडकली यावर पुढचं सगळं ठरतं. कॉम्प्युटरच्या वाटेवरही असे थांबे आहेत. बटण दाबलं की पॉवर सप्लायला इशारा जातो. तो भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो, पण प्रोसेसरला लगेच मोकळं सोडत नाही. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एका करड्या तारेवरून तो तशी खूण देतो. तोवर प्रोसेसर जागच्या जागी रोखून धरलेला असतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. मग प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बायोसच्या चिपमधला पहिला हुकूम वाचतो, बायोस स्वतःची चाचपणी करतं, रॅम शोधतं, ग्राफिक्स शोधतं, आणि सगळं जागेवर असेल तर एक छोटी शिटी वाजते. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हापासूनची ही रीत. पडद्यावर अक्षर उमटायच्या आधीच काही बिघडलं तर ते सांगणार कसं, या अडचणीवर त्या लोकांनी एक इवला स्पीकर बसवून उत्तर काढलं होतं.

तो स्पीकर माझ्या आयुष्यात तपकीर गल्लीत आला आणि राहिला.

त्या काळी जोडणी चुकायला जागा फार होत्या. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला दोन वेगळे कनेक्टर यायचे, दिसायला सारखे, आणि एकाच्या जागी दुसरा बसायचादेखील. उलटे बसले तर बोर्ड गेलाच. म्हणून नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत: काळ्या तारा मध्ये, एकमेकींच्या शेजारी. प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज ठरवायलाही बोर्डावर जंपर असत, आणि पुस्तिका पाहिल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. १९९५ साली इंटेलने एटीएक्सची रचना आणली आणि हळूहळू गल्लीतही एकाच बाजूने बसणारा एकच मोठा कनेक्टर आला. चुकीचा बसूच शकत नाही असा कनेक्टर ज्यांनी आखला, त्यांच्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. कुठल्या तरी गावातल्या अनोळखी पोराचा महिन्याचा पगार त्यांनी वाचवला.

एका छापखान्यासाठी जोडलेला नवा कॉम्प्युटर अजिबात हूं की चूं करेना, तेव्हाचं काकांचं काम मी कधी विसरणार नाही. त्यांनी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो आला होता त्याच खोक्यावर ठेवला. हार्डडिस्क, फ्लॉपी, सगळी कार्डं बाजूला. समोरचं बटणही नको. त्याच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की काम होतं. मग त्यांनी रॅमही काढली. बोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, पॉवर सप्लाय आणि स्पीकर एवढंच उरलं.

“काका, रॅमशिवाय चालू कसा होईल?”

“चालू व्हायला नकोच आहे. ओरडला पाहिजे.”

स्क्रूड्रायव्हर टेकला, पंखा फिरला आणि स्पीकर लांब, थांबून थांबून ओरडायला लागला. काका हसले. मला त्या आवाजात फक्त बिघाड ऐकू येत होता. त्यांना ऐकू येत होतं की पॉवर सप्लाय ठीक आहे, प्रोसेसर जिवंत आहे, बायोसची चिप वाचली जाते आहे, बोर्डावरच्या वाटा मोकळ्या आहेत, आणि हा सगळा सरंजाम रॅम शोधत पुढं आला आहे. एका तक्रारीत निम्म्या कॉम्प्युटरची हमी होती. मग रॅम बसवली. आता एक लांब आणि दोन छोट्या शिट्या झाल्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड हवं. तक्रार बदलली होती. गाडी एक थांबा पुढं आली होती. कार्ड बसवलं, एक छोटी शिटी वाजली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

तोच बोर्ड पुन्हा कॅबिनेटमध्ये कसला आणि पुन्हा मुका झाला. आता मात्र शोधायची जागा फार लहान उरली होती. बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरायला पितळी स्टँडऑफ असतात. ते बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. त्या कॅबिनेटमध्ये आधीच्या कुठल्या तरी बोर्डासाठी बसवलेला एक जास्तीचा राहिला होता. तिथं या बोर्डाला भोकच नव्हतं, आणि तो पितळी खुंट खालून सोल्डर केलेल्या टोकांना टेकत होता. तो काढला आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

मुद्दाम ओरडायला लावणं ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो. एखादा भाग काढून घेतल्यावर बरोबर तीच तक्रार यायला हवी. आली तर तिथपर्यंतचं सगळं शाबूत. बदलून बदलून पाहणारे पुष्कळ असतात: ही रॅम लावून बघ, तो सप्लाय लावून बघ. नशीब असेल तर तसंही जमतं, पण कारण हाती लागत नाही आणि गिऱ्हाइकाच्या पैशाला पाय फुटतात. काढत काढत अगदी थोड्यावर यायचं आणि तिथून एकेक भाग परत लावत जायचं, याच्याइतकी प्रामाणिक रीत मला दुसरी माहीत नाही.

२००० नंतर मी गावी परतलो आणि फाट्याजवळ गाळा घेतला. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यांच्या गावी पोचले. शिक्षक, ग्रामसेवक, नोकरीच्या शोधातली पोरं, सगळ्यांना सराव करायचा होता. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर पहिल्यांदाच घरी कॉम्प्युटर यायला लागले, बहुतेक पुण्याहून असेंबल करून आणलेले. तिथं दुकानात सुरू झालेला कॉम्प्युटर इथं घरात सुरू होईना, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली.

कारण बहुतेक वेळा वाटेतच असे. जीपच्या टपावर नाहीतर मोटारसायकलवर मांडीत धरून आणलेल्या कॅबिनेटमध्ये रॅम केसभर वर सरकायची, जड कार्ड खाचेतून तिरकं व्हायचं. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कण झटकायचे आणि दोन्ही बाजूंच्या कड्या खट्कन बसेपर्यंत दाबायची. पावसाळ्यात हेच जास्त, कारण आमच्याकडे आषाढात भिंतीसुद्धा ओल्या असतात.

दुसरं कारण विजेचं. भाटघरच्या धरणाशी वीज तयार होते, आणि त्याच तालुक्यात भारनियमनाच्या त्या वर्षांत दहा-दहा तास लाईट नसायची. आली की सगळ्यांच्या शेतातल्या मोटारी एकदम सुरू. व्होल्टेज असं बसायचं की पॉवर सप्लाय ती करड्या तारेवरची खूणच देत नसे. पंखा जरा हलायचा आणि थांबायचा. सकाळी लवकर तोच कॉम्प्युटर बिनतक्रार सुरू. असल्या घरी मी कॅबिनेट उघडायच्या आधी मीटर लावून सॉकेट मोजायचो.

तिसरं अर्थिंगचं, आणि याबद्दल मी आजही लोकांशी वाद घालतो. तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागं तारच नसते. पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून इवलासा प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो निमूटपणे जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. टेस्टर लावला तर उजळतो, हात लागला तर झिणझिण्या येतात, आणि मॉनिटरची केबल खोचताना ठिणगी पडून नवं कार्ड जातं. कितीतरी घरांत मी कॉम्प्युटर बाजूला ठेवून आधी अंगणात खड्डा घ्यायला लावला, त्यात पट्टी, मीठ आणि कोळसा घालायला लावला आणि उन्हाळ्यात त्यावर बादलीभर पाणी ओतत जा म्हणून सांगितलं.

वेल्ह्याकडचा एक शेतकरी मला आठवतो. इंद्रायणी भात विकून आलेल्या पैशांतून त्याने मुलीसाठी कॉम्प्युटर आणला होता. सुरू होईना म्हणून तो पुन्हा शहरातल्या दुकानात घेऊन गेला, तर तिथं त्याला ऐकवलं गेलं की तुम्हीच काहीतरी केलं असणार. तो माझ्याकडे आला तेव्हा कॅबिनेटला हात लावायलाही घाबरत होता. “आमी कायबी केलं न्हाय वो,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. प्रोसेसरला वीज देणारा चार पिनांचा वेगळा कनेक्टर अर्धवट बसला होता. दाबला, झालं. ते काम क्षणभराचं होतं. मला संताप आला होता तो त्या माणसाच्या मनात विनाकारण घातलेल्या अपराधीपणाचा. जोडलेलं यंत्र चालत नाही तेव्हा ते विकत घेणाऱ्याला दोषी ठरवणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे.

आता काळ बदलला. महामार्ग रुंद झाला, वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मिळालं, आणि मुलं सुटे भाग कुरिअरने मागवून व्हिडिओ पाहत घरीच जोडणी करतात. हात चांगला असतो त्यांचा, आमच्यापेक्षा जास्त वाचलेलंही असतं. पण स्पीकर खोक्यातून गायब झाला आहे. त्याच्या जागी बहुतेक बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. तेच थांबे, फक्त आवाज गेला. काच लावलेल्या रंगीबेरंगी कॅबिनेटमध्ये हे चार ठिपके दिसतही नाहीत.

मागे इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन आली. “काका, मेलाय हा. मिनिटभर पंखे फिरतात, पडदा काळाच.” मी विचारलं, मिनिटानंतर काय करतेस? बंद करते, म्हणाली. रॅमचा दिवा लागलेला होता. तिची रॅम डीडीआर-५ होती. ही रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो; वेगवेगळे व्होल्टेज आणि वेळा आजमावून कुठल्या जोडीवर ती बिनचूक चालते हे शोधतो. रॅम मोठी असली तर याला कित्येक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. ती दर वेळी मधेच बंद करत होती, आणि बोर्डाला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती. आम्ही बटण दाबलं आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत पडदा उजळला. तिने जोडणीत काहीही चुकवलं नव्हतं, आणि हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

म्हणून जोडून देणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. बोर्डावर स्पीकरच्या पिना अजूनही बहुतेक वेळा असतात आणि स्पीकरची किंमत नगण्य असते. गिऱ्हाइकाने मागितला नाही तरी तो लावून द्या. वाचकांपैकी कुणी आज नवा कॉम्प्युटर जोडून काळ्या पडद्यासमोर बसला असेल, तर त्याने दुकानात फोन करून नुसतं ‘चालू होत नाही’ म्हणू नये. पंखा फिरला का, फिरून थांबला का, चारांपैकी कुठला दिवा लागून राहिला, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे का, हे पाहून सांगावं. निम्मं काम तिथंच होतं. आणि रॅम डीडीआर-५ असून तिचाच दिवा लागलेला असेल, तर कशालाही हात न लावता पंधरा मिनिटं थांबा.