खरी खूण आणि खोटी चाहूल

ज्या गोष्टीची मनापासून वाट पाहावी, तिची चाहूल माणसास नसतांनाही लागते. अमेरिकेचे जोसेफ वेबर यांनीं १९६९ सालीं गुरुत्वतरंग सांपडल्याचें जाहीर केलें. इतरांनीं तशींच यंत्रें उभारलीं, परंतु त्यांत कांहीं उमटेना. वेबर लबाड मुळींच नव्हते. अखेरपर्यंत ते आपल्या मतास चिकटून राहिले.

पुढें त्याच देशांत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें ‘लायगो’चीं दोन यंत्रें उभीं राहिलीं. प्रत्येकास चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. तरंग आला असतां त्यांच्या लांबींत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेंकडों पटींनीं लहान! इतक्या हळव्या कानास काय ऐकूं येणार नाहीं? २०१७ सालीं हॅनफर्डच्या एका गोंगाटाचें मूळ शोधूं जातां, नळीवरील बर्फावर चोंच मारणारे डोमकावळे निघाले.

म्हणून साक्षी दोन. उत्तरपत्रिकांत एकच वाक्य दोनदां आढळलें, कीं आम्ही परीक्षक प्रथम त्या दोघांचीं आसनें किती जवळ होतीं तें पाहतों. येथें तीं ३००० किलोमीटर दूर आहेत. प्रकाशाच्या वेगानेंही हें अंतर तोडण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. अपेक्षित तरंगांचे नमुने गणितानें आधींच काढून नोंदींशीं ताडण्याच्या कामीं पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर प्रभृतींचा वांटा मोठा आहे.

आम्हांस मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती १६ सप्टेंबर २०१० ची हकीकत. मोजक्या व्यक्तींनीं यंत्रांत गुपचूप खोटा तरंग सोडावा व इतरांस तें कळूं देऊं नये, असें सर्वसंमतीनें ठरलें होतें. त्या दिवशीं बृहल्लुब्धकाच्या दिशेनें आल्यासारखी एक सुरेख खूण उमटली. सहा महिने छाननी झाली, निबंधही लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्यें भरसभेंत पाकीट फोडलें, तों खूण खोटी! असल्या सभेस आपण होऊन बसणारे विद्वान आमच्या पाहण्यांत फार नाहींत.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं लिव्हिंग्स्टनला व ७ सहस्रांश सेकंदांनीं हॅनफर्डला सारखीच खूण उमटली, तेव्हां अनेकांचा पहिला प्रश्न हाच, कीं या वेळींही पाकीट आहे काय? पाकीट नव्हतें. मग एका यंत्राची नोंद दुसरीच्या मानानें मुद्दाम पुढेंमागें सरकवून, निव्वळ योगायोगानें असा मेळ किती वेळां जमेल, तें मोजलें. उत्तर आलें: २,०३,००० वर्षांत एकदांही नव्हे. तरीही कोणी खोडसाळपणें हा तरंग घुसडला नाहीं ना, याचा तपास झालाच. आणि दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं जगास कळली.