मिठाच्या बरणीमागची डबी

पुरुषाने सिगारेट सोडायची ठरवली की घरात केवढा सोहळा होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या ह्यांनी २०१२ साली सोडली तेव्हाचं तर विचारूच नका! पहिला आठवडा चिडचीड, आदळआपट. ती आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने सोसली. मुलांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मी रोज काही ना काही गोड केलं, वन्संनी फोनवरून भावाचं तोंड भरून कौतुक केलं. मध्ये दोनदा पुन्हा ओढली, तीही 'होतं असं, प्रयत्न तर करतोय बिचारा' म्हणून सगळ्यांनी पोटात घातली. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. सिगारेट सोडणं सोपं नव्हे, आणि ह्यांनी ती शेवटी सोडली हेही खरं.

पण त्याच घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे कैलास जीवनची एक जुनी डबी होती. त्या डबीत मलम नव्हतं, मशेरी होती. ती मात्र कधी कुणाला खुपली नाही. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विडी-सिगारेट येते, दारू येते. मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. ती आपली दात घासायची!

आमचं बिऱ्हाड ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई १९६७ साली लग्न होऊन रत्नागिरीकडून इथे आल्या. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखू लागली, तेव्हा शेजारच्या एका म्हातारीने बोटावर चिमूटभर मशेरी दिली. दाढ थांबली, मशेरी राहिली. तेव्हापासून रोज पहाटे पाचला पाणी भरून झालं की सासूबाई गॅलरीच्या टोकाला, सामायिक संडासांच्या अलीकडे जाऊन बसायच्या. आणखी तिघी-चौघी असायच्या. बोट हिरड्यांवरून फिरतंय, मधूनच थुंकी, आणि बारीक आवाजात गप्पा. कुणाची सून कशी, कुणाच्या गावाकडचं भांडण कुठवर आलं, सगळं तिथे कळायचं. दिवसभर मग कुणाला उसंत नसे. ती वीस मिनिटं काय ती त्यांची स्वतःची. मशेरी सोडणं म्हणजे नुसता तंबाखू सोडणं नव्हे, ही वीस मिनिटंही सोडणं, हे ज्यांच्या घरात मशेरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरून त्यांची पूड करायची, ती मशेरी. भाजताना असा ठसका उठतो की अख्खी गॅलरी खोकते. हल्ली तयार पुड्या मिळतात. 'भाजली की तिच्यातलं विष जळून जातं' असं जुन्या बायका सांगतात. तसं काही होत नाही. निकोटीन राहतंच, आणि करपवल्यामुळे कॅन्सर करणारी द्रव्यं उलट जास्त तयार होतात. २०१६-१७ साली झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर सहा बायकांमागे साधारण एक बाई बिनधुराचा तंबाखू वापरणारी निघाली. सहांत एक! म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर किती झाल्या, हिशेब करून पाहा.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालापासून बंदी आहे. तरी तपकिरीच्या ट्यूब पेस्टसारख्या दिसतात आणि पेस्टसारख्याच वापरल्या जातात. ट्यूब हातात घ्याल तेव्हा तिच्यावर धोक्याचं चित्र आहे का, तेवढं बघत जा.

जानेवारी २०१९. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या चावताना सासूबाईंना खालच्या हिरडीला झोंबलं. मी त्यांना गॅलरीत उजेडात नेलं, ओठ खाली ओढून पाहिलं. रोज बोट फिरायचं नेमक्या त्याच जागी नखाएवढा पांढरा चट्टा. पुसला तरी जाईना. दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे बारीकसा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आजी, आज नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही. मशेरी बंद झाली तर हा चट्टा जाऊ शकतो. दर सहा महिन्यांनी दाखवायला या."

घरी आल्यावर सासूबाईंनी डबी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडे. मागितली तरी देऊ नकोस."

पुढचे तीन दिवस! डोकं ठणकत होतं, झोप नाही, हाताला कंप. भाजीत मीठ जास्त, चहा पाणचट, मी हळू बोलले तर 'कुजबुजतेस' आणि मोठ्याने बोलले तर 'ओरडतेस'. मला नवल वाटलं ते ह्यांचं. सिगारेटच्या पायी ज्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, ते म्हणतात कसे, "आई, मशेरीच तर ती, एवढं काय त्यात?" मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्ही वीस वर्षं ओढलीत, त्यांनी पन्नास वर्षं लावली आहे. तुमच्या वेळी मी शिरा करत होते, आता तुम्ही निदान खाली जाऊन मनुका आणा. आणल्या, हं!

मनुका कशासाठी, तर सगळ्यांत मोठी अडचण पोटाची होती. याविषयी बायका डॉक्टरांपाशीही बोलत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. मशेरी लावणारीला सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. निकोटीनने आतड्यांना चालना मिळते, आणि वर्षानुवर्षं त्याचीच सवय लागलेली असते. ते एकदम बंद झालं की पोट रुसतं. कितीतरी जणींची मशेरी केवळ या एका कारणासाठी चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होते. आम्ही रात्री दहा-बारा मनुका भिजत घातल्या. पहाटे उठल्याबरोबर पेलाभर गरम पाण्यात चमचाभर साजूक तूप, वर त्या मनुका, आणि मग थोडं चालणं. अडलंच तर रात्री इसबगोल. दहा-बारा दिवसांत गाडी रुळावर आली. मधुमेह असलेल्या बायकांनी मनुकांचं डॉक्टरांना विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट पहाटेची तलफ. रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरलेलं असतं, त्यामुळे दिवसातली सगळ्यांत दांडगी तलफ तीच. गॅलरीच्या त्या टोकाला जाऊन बसायचं आणि मशेरी लावायची नाही, हे कुणालाही जमणारं नव्हे. म्हणून त्या वेळेला मी त्यांना झावबांच्या राममंदिरात नेऊ लागले. तिथून चौपाटीपर्यंत चालत जायचं आणि परत. गॅलरीतल्या मैत्रिणी रागावल्या. "आता मोठी माणसं झालात, आमच्यात कशाला बसाल?" असं एकीने ऐकवलंदेखील. सासूबाईंना ते चट्ट्यापेक्षा जास्त लागलं असावं. मग दुपारी तीनच्या चहाला त्याच मैत्रिणींना आमच्याकडे बोलवायचा परिपाठ ठेवला. चहाबरोबर तर बाई कुणी मशेरी लावत नाही!

तोंडात टाकायला म्हणून बडीशेप, लवंग, धणाडाळ. सुपारी अजिबात नाही. 'तंबाखूपेक्षा सुपारी बरी' म्हणून पुष्कळ जणी सुपारीकडे वळतात. पण सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो, आणि तोंड उघडेनासं होतं ते वेगळंच. ह्यांना सिगारेट सोडताना डॉक्टरांनी निकोटीनचं गम दिलं होतं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नसतं. थोडं चावून, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचं, आणि त्याच्या आधी पाव तास चहा-कॉफी घ्यायची नाही. सासूबाईंच्या मोजक्या दातांना ते जमेना, म्हणून आमचा कारभार लवंगेवर चालला. पण ज्यांना जमेल त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. १८००-११-२३५६ हा सरकारी फोनही आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि तंबाखू सोडताना तिथली माणसं सल्ला देतात.

सात महिने सुरळीत गेले. चट्टा पुसट झाला. सप्टेंबरात सासूबाई गौरी-गणपतीला गावी गेल्या. मला रजा नव्हती. परत आल्या त्या दिवशी पिशवीतून नारळ काढून देताना उजव्या हाताच्या बोटाचं टोक दिसलं. काळपट. त्यांनी बोट पदरात लपवलं, सत्तरीच्या बाईने, शाळकरी मुलीसारखं. गावी रात्री जागरणं, पहाटे जावा-जावा मागील दारी बसलेल्या, आणि डबी हातोहात फिरतेय. कुणी आग्रहसुद्धा केला नाही म्हणाल्या. बोट आपोआप गेलं.

"किती दिवस लावलीत?" मी विचारलं.

"पाच."

"आणि त्याआधी सात महिने लावली नव्हतीत ना? ते महिने काही कुणी पुसले नाहीत."

पुढल्या तपासणीला डॉक्टरही हेच म्हणाले. सुटलेली सवय पुन्हा लागणं हे नेहमीचंच आहे. बहुतेकांना दोन-चार वेळा सोडावी लागते, तेव्हा कुठे ती कायमची सुटते. माणसाचा मेंदू ती जागा, ती वेळ, ती माणसं विसरत नाही. म्हणून गावी जायचं, लग्नघरी जायचं, तर आधीपासून ठरवून जायचं की पहाटे कुठे बसायचं. आमचं दुसऱ्या वेळचं सोडणं पहिल्यापेक्षा हलकं गेलं. दोनच दिवस त्रास झाला.

मग आला २०२० चा लॉकडाऊन. पानाच्या टपऱ्या बंद, पुड्या मिळेनात. गॅलरीतल्या बायका अगदी कासावीस. एप्रिलमध्ये एक दिवस पलीकडच्या खोलीत कुणीतरी शिल्लक राहिलेली पानं तव्यावर टाकली. तो वास! मी कणीक मळत होते. सासूबाई दारापर्यंत गेल्या, उंबऱ्यात थांबल्या आणि माघारी फिरल्या. "अगो, जरा माझा हात धरून बस." कणकेच्या हातानेच बसले. त्यांनी डोळे मिटले होते, कपाळाला घाम. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होते. तलफ कितीही मोठी असली तरी काही मिनिटांत ओसरते, हे त्यांना आणि मला दोघींनाही आता माहीत होतं. साताव्या-आठव्या मिनिटाला हात सैल पडला. "गेली," म्हणाल्या, आणि कणीक सुकली म्हणून मला ओरडल्या.

तरी २०२१ मध्ये त्यांची धाकटी बहीण गेली तेव्हा तीन आठवडे पुन्हा लावली. त्या वेळी मी काही बोलले नाही, मनुका मात्र रोज भिजत घालत राहिले. चौथ्या आठवड्यात त्यांनी आपणहून पेला मागितला. तेव्हापासून बंद आहे. चट्टा पूर्ण गेलेला नाही, पांढरी रेघ उरली आहे. सहा महिन्यांनी दाखवणं चालूच आहे.

घरात कुणी मशेरी लावत असेल तर महिन्यातून एकदा भर उजेडात त्यांचं तोंड पाहा. ओठ ओढून आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ वर उचलून तिच्याखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं व्रण, तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. आणि घरात कुणी गरोदर असेल तर आजच बोला. मुंबईतल्या १२१७ गर्भवती बायकांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली, आणि त्यांतल्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्याच होत्या. 'बाळंतिणीला मशेरी बरी' म्हणणाऱ्या आज्यांना हा आकडा सांगायला हरकत नाही.

कैलास जीवनच्या डबीत आता लवंगा असतात. गेल्या महिन्यात, 'मोठी माणसं झालात' म्हणणाऱ्या त्याच शेजारीणबाई दुपारच्या चहाला जरा लवकर आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, कप खाली ठेवला, आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "ते गरम पाण्यात तूप घालता, ते किती घालता हो?"