मैलांचा ताळेबंद

तुमच्या मोबाइलवर 'शिल्लक पॉइंट' म्हणून जो आकडा दिसतो, तो कंपनीच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसलेला असतो. सीए म्हणून माझं बरंचसं काम याच रकान्यात चालतं. विमान कंपनी तिकीट विकताना पॉइंट देते, म्हणजे पुढच्या प्रवासाचा शब्द देते. त्या शब्दाच्या वाट्याचे पैसे तिला लगेच उत्पन्नात धरता येत नाहीत. 1 एप्रिल 2018 पासून आपल्याकडे लागू असलेल्या इंड एएस 115 या मानकानुसार ते बाजूला ठेवावे लागतात. पॉइंट वापरले गेले की ते उत्पन्नात येतात. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचाही अंदाज बांधावा लागतो, आणि तेवढं उत्पन्न कंपनीला काहीही न देता मिळतं. साठवून विसरून जाणारा ग्राहक तिला परवडतो, हे हिशेब तपासताना स्पष्ट दिसतं.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेतली. 1978 मध्ये तिथे विमान भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, स्पर्धा वाढली आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी 'अ‍ॅडव्हांटेज' योजना आणली. जितके मैल उडाल तितके खात्यात, असा तेव्हाचा साधा हिशेब होता. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेड यांनी तो मोडून तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली. लांबचं पण स्वस्त तिकीट काढणाऱ्याचा फायदा तिथेच आटला.

आज मैलांचा खरा मोठा गिऱ्हाईक प्रवासी नसून बँक आहे. तुम्ही दुकानात क्रेडिट कार्ड वापरलं की दुकानदाराकडून शुल्क कापलं जातं. त्यातल्या आपल्या वाट्यातून बँक तुम्हाला पॉइंट देते, आणि ते तुम्ही मैलांत बदललेत की ती विमान कंपनीकडून घाऊक भावाने मैल विकत घेते. हा धंदा केवढा आहे, ते कोविडमध्ये दिसलं. जून 2020 मध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली 'मायलेजप्लस' योजना तारण ठेवून 5 अब्ज डॉलरचं कर्ज उभं करायचं ठरवलं. योजनेची किंमत कंपनीनेच सुमारे 22 अब्ज डॉलर मांडली होती. शेअर बाजारात अख्ख्या कंपनीचं मोल तेव्हा त्याहून कमी होतं!

पॉइंटची किंमत काढायला मात्र सीए लागत नाही. समजा, मुंबई-दिल्ली तिकीट रोखीने 6,500 रुपयांना आहे. तेच 8,000 पॉइंट आणि करापोटी 1,200 रुपये देऊन मिळतंय. वाचले 5,300 रुपये. भागिले 8,000, म्हणजे पॉइंटला 66 पैसे. त्याच पॉइंटवर कॅटलॉगमधला 2,500 रुपयांचा मिक्सर 10,000 पॉइंटला देत असतील, तर पडले 25 पैसे. बिझनेस क्लासला हाच भाव दोन रुपयांच्या वर गेलेला दिसतो आणि लोक हरखून जातात. पण ते तिकीट तुम्ही रोख दोन लाख मोजून काढलं असतं का? नसेल, तर दोन लाख वाचले असं म्हणू नये.

हा भाव ठरवणं सर्वस्वी कंपनीच्या हातात असतं. आज 8,000 पॉइंटला मिळणारी जागा उद्या 12,000 ला करता येते आणि नियमावलीत तशी मुभा तिने आधीच घेऊन ठेवलेली असते. बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण इथे नाही. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली आणि 'किंग क्लब'चे मैल तिच्याबरोबर बुडाले. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, पण 'जेटप्रिव्हिलेज'चे मैल वाचले, कारण ती योजना वेगळ्या कंपनीकडे होती आणि त्या कंपनीत एतिहाद या परदेशी विमान कंपनीचा हिस्सा निम्म्याहून जास्त होता. ग्राहकाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एकाचे मैल राहिले, दुसऱ्याचे गेले.

म्हणून निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेला जाऊ म्हणून दहा-दहा वर्षं पॉइंट साठवणारी मंडळी भेटली की मला काळजी वाटते. ठेवीला व्याज तरी मिळतं, पॉइंटला तेही नाही. त्याहून वाईट म्हणजे पॉइंटसाठी खर्च करून कार्डाचं बिल थकवणं. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर त्यावर 18 टक्के जीएसटी. आणि पॉइंटमधून परत येतो साधारण एक-दोन टक्का. विमानाने क्वचित जाणाऱ्याने मैलांच्या मागे लागूच नये, असं माझं मत आहे. गावी रेल्वेनेच जायचं असेल, तर एका पॉइंटला थेट एक रुपया धरून तिकीट देणारं आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड त्याला जास्त उपयोगाचं.

दिवाळीच्या खरेदीला निघण्याआधी एवढं करा: आपल्या प्रत्येक खात्यातले पॉइंट आणि त्यांची मुदत एका कागदावर लिहून काढा, आणि जे येत्या सहा महिन्यांत संपणार आहेत त्यांचं तिकीट आधी काढा.