वॉल्डनचा बर्फ : टिकण्याच्या क्रमाने

मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावाजवळचे वॉल्डन तळे. हिमनदी मागे हटली, बर्फाचा एक प्रचंड तुकडा मागे राहिला, तो वितळून हा खड्डा झाला. खोली १०२ फूट. हेन्री डेव्हिड थोरो काठावर राहिला १८४५ ते १८४७. मॅक्रो लेन्स घेऊन गोठलेल्या तळ्यावर पालथे पडले की काय दिसते आणि काय उरत नाही, त्याची ही यादी. अल्पायुषी आधी.

लेन्सवरचा श्वास. काही सेकंद.
काचेवर लगेच दव धरते. म्हणून श्वास रोखून बटण दाबायचे. इतक्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरच्या आत. बुडबुड्याची वरची कड स्पष्ट झाली की खालची पुसट. फोकस किंचित किंचित सरकवत बरेच फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकत्र करायचे.

रंग. काही मिनिटे.
मिलिमीटरभर जाडीची बर्फाची चकती एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये धरली की जांभळा, पिवळा, मोरपंखी उमटतात. स्फटिक ज्या दिशेने बसला असेल त्यावर त्याचा रंग. काही स्फटिक काळेच राहतात. रंग जाडीवरही ठरतो. बोटांच्या उबेने चकती झिजते, रंग पायरी-पायरीने उतरतात. शेवटी करडा, मग काहीच नाही.

काळा बर्फ. पहिले हिम पडेपर्यंत.
वारा नसलेल्या थंड रात्री धरतो. खरे तर पारदर्शक. खालचा काळोख दिसतो म्हणून काळा. थोरो इंचभर जाडीच्या अशा बर्फावर पालथा पडला आणि बुडबुडे मोजत बसला. चौरस इंचात तीस-चाळीस. व्यास १/८० ते १/८ इंच. वर हिम साचले की हे सगळे बंद.

उभे, टोकदार बुडबुडे. थंडी टिकेल तोवर.
पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही. गोठताना ती बाहेर ढकलली जाते आणि बर्फाच्या खालच्या अंगाला साचते. बर्फ सावकाश वाढला तर बुडबुडा खाली लांबत जातो. घाईने वाढला तर बारीक बुडबुड्यांनी सगळा बर्फ पांढरट.

चपटे बुडबुडे. उबदार दिवस येईपर्यंत.
गाळात पाने कुजतात, वायू वर येतो, बर्फाखाली अडकून पसरतो. त्याखाली नवा बर्फ धरतो, पुढचा बुडबुडा त्याच्याही खाली. चवड लागते. थोरोने एक लादी कापून उलटी केली. मोठ्या बुडबुड्याच्या थेट खाली बर्फ पालथ्या बशीच्या आकारात वितळलेला होता, मध्यभागी ५/८ इंच. बुडबुडा आणि पाणी यांच्यात जेमतेम १/८ इंचाचा पडदा. त्याचा निष्कर्ष : प्रत्येक बुडबुडा उन्हात भिंगाचे काम करतो. छायाचित्रकार ज्याच्यासाठी ओणवा होतो, तोच बर्फ पोखरत असतो.

जहाजातला बर्फ. चार महिने.
१८३३मध्ये तळ्यांचा बर्फ विकणाऱ्या फ्रेडरिक ट्यूडरने बॉस्टनहून कोलकात्याला ‘टस्कनी’ जहाज धाडले. चढवला १८० टन, उतरला सुमारे १००. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. मुंबईचा बर्फखाना पाडला गेला. मद्रासचा उभा आहे. त्यात आता विवेकानंदांचे स्मारक.

काठावरची रास. दीड वर्षाहून जास्त.
१८४६-४७च्या हिवाळ्यात शंभर माणसांनी वॉल्डनचा बर्फ विक्रीसाठी कापला. थोरोच्या नोंदीत एका राशीचा अंदाज दहा हजार टनांचा. वर गवत, फळ्या. जुलैत उघडून थोडा नेला. बाकीचा उन्हात पडून राहिला, आणखी एक हिवाळा पाहून सप्टेंबर १८४८मध्ये संपला. बराचसा पाणी होऊन तळ्यातच परतला.

तळे मोकळे होण्याची तारीख.
थोरोच्या नोंदी : १८४५, १ एप्रिल. १८४६, २५ मार्च. १८४७, ८ एप्रिल. १८५२, १८ एप्रिल. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक यांनी या तारखा आजच्या तारखांशेजारी मांडल्या. तळे आता सरासरी दोनेक आठवडे आधी मोकळे होते. म्हणजे या यादीतल्या उभ्या आणि चपट्या बुडबुड्यांच्या मुदतीही आखडल्या.

हे समजते, कारण थोरोने बुडबुडे पाहिले तसे मोजलेही, आणि मोजले त्याला तारीख घातली. नुसते सुंदर म्हणून लिहिले असते तर काय घटले याचा हिशेब लागला नसता. बर्फाच्या फोटोखाली तारीख, जाडी आणि तापमान लिहावे. रंगाचे नाव नाही लिहिले तरी चालेल.