कच्चे घर

चिचगडच्या आमच्या घराची या उन्हाळ्यात मोजणी झाली. जागेची नव्हे, लाकडाची. व्यापाऱ्याने एकेक खांब टेपने मोजला, तुळयांवर खडूने आकडे लिहिले. भिंतींकडे त्याने पाहिलेही नाही. सागवानाला भाव आहे, मातीला नाही.

घर वाडा म्हणावा एवढे मोठे नाही. आजोबा जमीनदारीच्या काळातले कारकून. दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, चार खांबांची ओसरी, मागे अंगण आणि वर देशी कवेलू. अशा घराचे आयुष्य माणसांच्या नियमितपणावर टिकते. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंती सारवायच्या, जोत्याशी पाणी साचू द्यायचे नाही. एक वर्ष चुकले की पाणी आत उतरते, भिंत फुगते आणि लाकडाला उधळी लागते. आम्ही सलग नऊ वर्षे चुकलो. माकडांनी छप्पर फोडले असे आम्ही सांगतो, ते अर्धेच खरे.

वारसा-जतनाच्या गोष्टी मी नागपुरात बसून वाचत असे. मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली आली. यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला बांधकामहक्क दुसरीकडे विकता येतो, ही त्यातली मेख. पण असा मोबदला जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या शहरातच शक्य. चिचगडला त्या हक्काचे गिऱ्हाईक कोण? शासनाच्या भाषेत तर आमचे घर ‘कच्चे’. २०११ च्या सर्वेक्षणात मातीच्या भिंती आणि कच्चे छप्पर ही दारिद्र्याची खूण ठरली, आणि २०१६ पासून घरकुल योजनेतून किमान २५ चौरस मीटरची पक्की घरे उभी राहू लागली. त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार मला नाही. शेजारच्या काकू नव्या स्लॅबखाली बसून म्हणाल्या, “भाऊ, आता पावसात पोरांना रात्री उठवावं लागत नाही.” त्यांच्यासमोर मातीच्या गारव्याचे गोडवे मी गाऊ शकलो नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्स्टन शहराने १९३१ साली जुन्या वस्तीच्या रक्षणाचा कायदा केला, त्या देशातला तसा पहिलाच. घरे वाचली. मात्र ती ज्या गुलामांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांची नावे सांगण्यास पुढे अनेक दशके लागली. ते वाचताना मी अस्वस्थ झालो. आमच्या भागातील जमीनदारी आणि मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली. तोवर वेठ होती. आमच्या भिंतींची माती कोणी तुडवली, हे घरात कधी बोलले गेले नाही. केवळ आजोबांची आठवण म्हणून घर राखायचे असेल, तर ते जतन अर्धवटच.

दादा गावातच राहतो. तो शांतपणे म्हणाला, “आठवणी तुझ्या, आणि छपरावर चढायचं मी?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी ठरले ते असे : मागची पडकी बाजू उतरवायची, तिचे लाकूड विकायचे आणि त्या पैशांत ओसरी व दोन खोल्या शाकारायच्या. दर मे महिन्यात आठ दिवस मी रजा घेऊन यायचे. दादाने दिनदर्शिकेवर माझ्याच हाताने तारखा लिहून घेतल्या.

कवेलू करणारा कुंभार आता जवळपास मिळाला नाही. गावात ज्यांची घरे पाडली जात होती, त्यांच्याकडून जुने कवेलू आणले. काकूंनी आपल्या जुन्या घराचे दिले, पैसे घेतले नाहीत. आमची ओसरी या पावसाळ्यात गळणार नाही, ती दुसऱ्यांच्या उतरवलेल्या छपरांच्या जोरावर. पुढच्या वर्षी हे कवेलूही मिळतील का, हे दादाने विचारले नाही, आणि मीही नाही.