मामांची चिठ्ठी

परभणीच्या ज्या महाविद्यालयात मी बी. एस्सी. केलं, तिथल्या प्राणिशास्त्र विभागातले मामा कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर होते. माझ्या लेखी ते माझे गुरू. पक्ष्यांबद्दल पुढे जे काही शिकलो आणि शिकवलं, त्याची सुरुवात त्यांच्या ताब्यातल्या एका काचेच्या कपाटापाशी झाली. हे ऋण फिटणारं नाही. निदान नोंदवून ठेवतो.

कपाटात पेंढा भरलेले पक्षी होते. नीलपंख, खंड्या, घार, गव्हाणी घुबड आणि खालच्या मोठ्या कप्प्यात पांढऱ्या पाठीचं गिधाड. कपाटाला मामांनी मांजरपाटाचा पडदा शिवून घेतला होता. "ऊन रंग खातंय बाळ," म्हणायचे. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळा तोंडावर आला की डांबरगोळ्या बदलायच्या, झड लागली की बुरशीवर नजर ठेवायची. पिसं मऊ कुंचल्यानं झटकायची, तीही डोक्याकडून शेपटीकडे. बैठकीच्या पाटावर बारीक भुगा दिसला की कीड लागली म्हणून तो पक्षी त्याच दिवशी वेगळा काढायचा. हातमोज्यांशिवाय मात्र कुणालाच हात लावू द्यायचे नाहीत. जुन्या काळी कातड्याला आतून सोमल चोळत, तो पिसांतही उतरलेला असतो.

1972च्या वन्यजीव कायद्यानंतर पक्षी मारून भरायचा प्रश्नच उरला नव्हता. मामांनी मला ही कला गावरान कोंबड्यावर दाखवली. छातीच्या हाडावरून एकच उभी चीर, मग सदऱ्याची बाही उलटी करावी तसं कातडं हळूहळू उलटं करत नेलं. कवटी, पंखांची नि पायांची हाडं जागेवर राहिली. मेंदू, डोळे आणि मांस काढून टाकलं. आतून टाकणखार चोळला. तारेवर काथ्या नि कापूस गुंडाळून नवं धड बांधलं, पायांतून तार ओवली, चीर बारीक टाक्यांनी शिवली आणि सुकेपर्यंत पंखांवरून दोरा गुंडाळून ठेवला. चोच आणि पाय खरेच राहतात, पण वाळल्यावर त्यांचा रंग उडतो. म्हणून ताजेपणीच डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग लिहून ठेवायचा. कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कुणी तयार केला, हे सगळं पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर. "चिठ्ठी गेली की पक्ष्याचं खेळणं झालं," हे मामांचं वाक्य मी आजवर प्रत्येक वर्गाला ऐकवत आलो.

पुढे देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलं. निसर्गेतिहासाच्या दालनात मागे रंगवलेला देखावा, पुढे खरी वाटणारी झाडं नि माती, आणि त्यात मांडलेले पक्षी. याच दालनात पक्षितज्ज्ञ सलीम अली 1920च्या दशकात माहिती देण्याचं काम करत होते. 1908 साली त्यांनी पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी त्यांच्यासमोर पक्ष्यांचे कप्पे उघडले. हे वाचलं तेव्हा मला आमचे मामा आठवले. कप्पा उघडून दाखवणारं माणूस वेळेवर भेटणं, हे भाग्यच.

आणि चिठ्ठीचं मोल किती, हे खानदेशच्या वनपिंगळ्यानं शिकवलं. या पक्ष्याचे जगभरच्या संग्रहालयांत जेमतेम सात नमुने होते. एकावर 1914 साल आणि गुजरातमधलं ठिकाण होतं. ती चिठ्ठी मायनरत्सहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना चोरलेला होता. आतली बांधणी सांगत होती की पक्षी जेम्स डेव्हिडसन यांच्या हातचा आहे. डेव्हिडसन 1880च्या दशकात खानदेशात नोकरीला होते. खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांकडे शोध वळला आणि नोव्हेंबर 1997मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत सापडला. शंभरावर वर्षांनी! पक्षी भरणाऱ्याचा हात त्याच्या टाक्यांतून ओळखू येतो, हे मामांना सांगता आलं असतं तर त्यांना केवढा आनंद झाला असता.

आमच्या कपाटातल्या गिधाडाच्या चिठ्ठीवर जिंतूर तालुक्यातलं गाव आहे. तो माझाच तालुका. लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं त्यांचा काळ केला. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आज माझ्या विद्यार्थ्यांना गिधाड दाखवायचं तर ते कपाटातलंच. मामांनी ते कसरीपासून वाचवलं नसतं, तर तेही नसतं.

मराठवाड्यातल्या किती शाळा-महाविद्यालयांत अशी कपाटं धूळ खात असतील. विभाग बंद झाला, इमारत पाडली, की हे पक्षी भंगारात जातात. माझी सहकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: पक्षी फेकण्याआधी वन विभागाला आणि एखाद्या संग्रहालयाला विचारा. तोवर एवढं तरी करा, प्रत्येक पक्ष्याचा आणि त्याच्या चिठ्ठीचा फोटो काढा, चिठ्ठीवरचा मजकूर नोंदवहीत उतरवून घ्या, आणि कपाटाला पडदा लावा.