धातु आपला, प्रत्यय परका

सिनेमाचें संगीत म्हणजे बाटलेलें संगीत, असें मत आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांत अद्याप ऐकूं येतें. त्यावर आम्ही रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांची साक्ष काढतों. १९१८ सालीं पुणतांब्यास जन्मलेल्या या गृहस्थांचें शिक्षण पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धनांपाशीं झालें. म्हणजे परंपरा थेट विष्णु दिगंबरांची! आणि त्यांच्याच ‘शहनाई’तील (१९४७) रविवारच्या गाण्यानें आमच्या तीर्थरूपांच्या कपाळाला आठ्या पडत. पुढें १९५१ च्या ‘अलबेला’च्या वेळीं गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या साथीस होते; ट्रंपेट, क्लॅरिनेट, बोंगो असा सारा जॅझचा थाट. दोनच वर्षांनीं ‘अनारकली’ आला. लताबाईंच्या कंठांतील त्यांतलें भीमपलासाचें गीत ऐकून, कर्ता तोच, हें कोणास खरें वाटावें?

आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. जन्मभर संस्कृत शिकविल्यामुळें आम्हांस हें व्याकरणच दिसतें: धातु आपला, प्रत्यय परका. वाद्यें काढून घ्या, नुसती चाल गुणगुणा. ती उभी राहते. हल्लींच्या पुष्कळ गाण्यांत वाद्यें काढलीं कीं मागें कांहींच उरत नाहीं.

स्वारगेटच्या आमच्या बिऱ्हाडीं नातवास आतां सॅक्सोफोन हवा आहे. वडील बंधूंचा विरोध मावळलेला नाहीं. तूर्त वाद्य भाड्यानें आणावयाचें, आणि पहाटेचा तंबोऱ्यावरील षड्ज चुकल्यास तें परत करावयाचें, एवढ्यावर तह झाला आहे. शेजाऱ्यांची चिंता नाहीं, एस.टी.च्या भोंग्यांपुढें त्यांना तो ऐकूं यावयाचा नाहीं.